सायबाच्या ओट्यापाशी खरी गोष्ट लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातले पाच जण सहा दिवस कोकणात फिरून आलो, आणि यावेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की बीचवर एकच दिवस, बाकी सगळे दिवस किल्ले, संग्रहालयं आणि कातळशिल्पं. पोरं आधी कुरकुरली पण नंतर तीच आम्हाला ओढत नेत होती. जे बघितलं ते इतकं भारी आहे की राहवत नाही म्हणून लिहितेय, आणि एक गोष्ट मनाला लागून राहिलीय तीही सांगायचीय.

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. लहानपणी विजयदुर्गला गेलो की आजोबा किल्ल्यावरचे सायबाचे ओटे, म्हणजे चौथरे, दाखवायचे आणि म्हणायचे, "सायबाची बोट इली होती, हयसून गिराण बघल्यानी," म्हणजे साहेबाची बोट आली होती, त्यांनी इथून ग्रहण बघितलं. त्यांनी ते त्यांच्या वडलांकडून ऐकलेलं. बास, एवढंच. यावेळी तिथे गेलो तर माहिती सांगणाऱ्या एका मुलाने सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून सूर्यग्रहण बघून हेलियम वायूचा शोध लावला. व्हॉट्सॅपवर पण हेच फिरतं, दरवर्षी ऑगस्ट आला की हमखास. तो मुलगा मनापासून सांगत होता, त्याची काहीच चूक नाही, त्याला जे मिळालं तेच तो पुढे देतोय. पण माझ्या मुलाने, तो दहावीला आहे, रात्री लॉजवर बसून शोधलं आणि मग आम्ही दोघं जवळजवळ बारा वाजेपर्यंत वाचत बसलो.

१८६८ च्या त्या ग्रहणाला जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्याकडे आले होते पण ते होते आंध्रात, गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच तिकडून सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत फोडून तपासला. त्यातली पिवळी रेघ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना म्हणून हेलियम हे नाव आलं. मग विजयदुर्गचं काय? तर लॉकियर विजयदुर्गला खरंच आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ब्रिटिश आरमाराची मेल्पोमिनी नावाची बोट होती आणि त्यावरच्या खलाशांना शिकवून त्यांनी निरीक्षणाला मदतीला घेतलं होतं. आणि रॅम्से नावाच्या शास्त्रज्ञांनी हेलियम पृथ्वीवर पहिल्यांदा वेगळा काढला तो १८९५ ला, म्हणजे ज्याचं नाव सूर्यावरून ठेवलं तो वायू प्रत्यक्ष हातात येऊन तीनच वर्षं झाली होती आणि लॉकियर आपल्या गावात ग्रहण बघत उभे होते! हे वाचून मला अक्षरशः रडू आलं, कारण आजोबा बरोबर होते. बोट आली होती. गिराण बघितलं होतं. गावाने सव्वाशे वर्षं नीट लक्षात ठेवलं आणि मधेच कुणीतरी त्याला भलतं साल चिकटवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ओट्यांपाशी हे असं, खरं खरं, मराठीत चार ओळीत लिहिलेलं असायला हवं. २०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या समुद्रातले नाहीतर समुद्राकाठचे. आता बाहेरचे अभ्यासक येणार, विचारणार, तेव्हा चुकीचं सांगून आपलंच हसं व्हायला नको. आणि बाहेरच्यांचं सोडा, आपल्या पोरांना तरी खरं कळू दे.

रत्नागिरीत थिबा पॅलेसला गेलो होतो. थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ ला त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० ला बांधून झाला आणि १९१६ ला राजा वारला, म्हणजे वाडा भोगला जेमतेम सहा वर्षं. आता तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. लाकूडकाम, रंगीत काचांच्या कमानी, मागे खाडी, सासरे एका बाकावर बसले ते उठेचनात. पण खरं हलवून टाकलं ते राजाच्या कबरीने. ती शहरात आहे, वस्तीत, आम्ही रिक्षावाल्या दादांना सांगितलं तर त्यांनी बिचाऱ्यांनी तीन ठिकाणी विचारत विचारत नेऊन सोडलं आणि मग ते स्वतःही उतरून बघायला आले, म्हणाले इतकी वर्षं रिक्षा चालवतोय पण कधी आलो नव्हतो. मुलीने विचारलं त्याला घरी का नाही नेलं. राणी १९१९ ला परत रंगूनला गेली, राजा इथेच राहिला, एवढंच मला सांगता आलं. राजवाड्यात येणारा प्रत्येक माणूस पुढे कबरीवर जाईल असा एखादा साधा नकाशा गेटवर लावला तर किती खर्च येणार आहे?

कातळशिल्पांचं तर वेगळंच. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, प्राणी, काय काय कोरलंय. आम्ही भर दुपारी पोचलो आणि काहीच दिसेना, नुसता सडा, म्हणजे उघडा कातळ, मग तिथल्या एका मावशींनी सांगितलं की ऊन कललं की या, तेव्हा रेघा उठतात. संध्याकाळी परत गेलो आणि खरंच, तिरक्या उन्हात सावली धरून सगळा हत्ती जमिनीतून वर आल्यासारखा दिसला. देवाचे गोठणेला त्या झोपलेल्या माणसाच्या चित्रावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे फिरते, पोरांनी दहा वेळा करून बघितलं. ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून आहेत पण सगळीकडे काही कठडे नाहीत, लोक चपला घालून चित्रावर उभे राहून फोटो काढतात, आणि आजूबाजूला चिरेखाणी आहेतच. सकाळी किंवा संध्याकाळी या, चप्पल काढा, एवढी पाटी लावली तरी निम्मं काम होईल.

सिंधुदुर्गाचं मी काय लिहू, १६६४ ला पाया घातलेला किल्ला, चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. सासऱ्यांनी पाणी पिऊन बघितलं आणि गप्प झाले.

एका ठिकाणी मात्र (नाव लिहीत नाही, कुणाची नोकरी अडचणीत यायला नको) आम्ही पाऊण तास गाडी चालवून गेलो तर संग्रहालयाला कुलूप, बाहेर वेळ नाही, सुट्टीचा वार नाही, फोन नंबर नाही. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांना परत कधी आणायचं?

म्हणून संपादक साहेब, तुम्हालाच विनंती करते. दर सुट्टीत तुमच्या पुरवणीत कोकणावर पान असतं, त्यात बीच असतात, मासळीची थाळी असते, छान असतं, मी कापून ठेवते. त्याच पानावर एक चौकट द्या ना, त्यात त्या आठवड्यात कुठलं संग्रहालय किती वाजता उघडं, सुट्टी कुठल्या वारी, मालवणहून होडी चालू आहे का पावसामुळे बंद, हर्णैला सुवर्णदुर्गसाठी बोट कुणाला विचारायची, आणि भरती ओहोटीच्या वेळा. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत आंग्र्यांची जुनी गोदी आहे ती आमची यावेळी राहिली, मे महिन्यात परत जाणार आहोत, तोपर्यंत चौकट सुरू झाली तर पहिलं कात्रण माझ्या पर्समध्ये असेल.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली