सासवण्याच्या अंगणातून

कोलकाता,
रविवार, ११ जानेवारी

ती. आई व बाबांस, सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी मी मुंबईत होते, हे फोनवर सांगितलं होतं. पण मधला एक दिवस मोकळा होता, हे सांगितलं नाही. चिपळूणला येऊन परत फिरायला तो पुरला नसता, आणि इतक्या जवळ असून आले नाही, हे आईला ऐकवणं माझ्या जिवावर आलं. तो दिवस मी कुठे घालवला ते आज लिहिते. सासवण्याला गेले होते. शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरी, त्यांच्या मूर्ती पाहायला.

आपण तिघं गेलो होतो तेव्हा मी आठ वर्षांची असेन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. आईला लाँच लागली होती आणि तिने पूर्ण वेळ लिंबू नाकाशी धरलं होतं. आता त्याच धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाड्यासुद्धा पोटात घेऊन. आई, ती फारशी हलत नाही. पुढे मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की सासवणे लगेच येतं.

फाटकातून आत गेले आणि आधी म्हैस शोधली. सिमेंटची म्हैस! लहानपणी मी तिच्यापुढे गवत आणून टाकलं होतं, आठवतं? बाबा, तुम्ही हसला नव्हतात. "तिने खाल्लं नाही, पण तुला ती खरी वाटली ना, तेच तर या माणसाचं काम," असं म्हणाला होतात. या वेळी मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जनावराची हाडं कुठे वर येतात आणि कातडं कुठे सैल पडतं, ते बोटांना कळतं.

तिथे ओसरीवर बसल्यावर तुमचीच गोष्ट कानात वाजत होती. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर एका पोराने, म्हणजे लहानग्या नानासाहेबांनी, काढलेला घोड्यावरचा शिवाजी. कुलाबा जिल्ह्याचा कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड गावात येतो, ते चित्र पाहतो, काढणाऱ्याला शोधून काढतो आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवायची व्यवस्था करतो. तुम्ही चित्रकलेच्या तासाला ही गोष्ट सांगायचात आणि मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसायची. पण तुमच्या गोष्टीत कलेक्टर असायचा, पोरगा असायचा, पोराचे वडील मात्र नुसते येऊन जायचे. या वेळी मी त्यांचाच विचार करत बसले. ते शेतकरी, घरी गणपती करणारे. मातीत हात घालायला मुलाने त्यांच्याकडेच पाहून शिकलं असणार. तो मुंबईला गेला, मुंबईहून १९१६ मध्ये कलकत्त्याला, ठाकूर घराण्यातल्या सुरेंद्रनाथांच्या बोलावण्यावरून. तिथून १९२० मध्ये लंडनला, रॉयल अकादमीत. त्या काळी पत्र पोचायलाच आठवडे लागायचे. मागे राहिलेल्यांनी ते दिवस कसे काढले असतील?

मला कोलकात्याची बदली आली तेव्हा तुम्ही दोघांनी एका शब्दाने अडवलं नाहीत. बाबा, तुम्ही म्हणालात, "करमरकरही गेले होते तिकडे." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज सहा वर्षांनी त्या वाक्याची किंमत कळते आहे.

या घरात 'शंखध्वनी' आहे. शंख फुंकणारी बाई. लहानपणी मी तिच्यापुढून नुसती धावत गेले असेन. आता इथे आमच्या गल्लीत तिन्हीसांजेला घराघरांतून शंख वाजतो. शेजारच्या मासीमा ओठांना शंख लावतात तेव्हा त्यांची मान ताणली जाते, गाल भरतात, डोळे आत कुठेतरी जातात. तिच्यासमोर उभी राहिले आणि मला एकदम मासीमाच दिसल्या. बंगालमध्ये राहिल्याशिवाय हे सुचलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. माझ्यापुरतं तरी खरं आहे. बंगालमध्ये राहिल्याशिवाय मला ते दिसलंच नाही.

आणि मग कोळीण. अंगापिंडाने भरलेली, स्वतःच्या तोऱ्यात. नानासाहेबांनी लंडन पाहिलं, युरोप पाहिलं, पुढे अमेरिकेलाही जाऊन आले, आणि हाताखाली आली ती कोळीण, हमाल, गोठ्यातली म्हैस. परक्या मुलखातून शिकून आलेला हात त्यांनी आपल्याच माणसांवर फिरवला. ज्यांच्या चेहऱ्यांकडे कुणी दोनदा पाहिलं नसतं, त्यांचे चेहरे आज लोक तिकीट काढून पाहतात. घरच्यांचं प्रेमही तिथे जाणवतं. १९६७ मध्ये नानासाहेब गेले, त्याला किती वर्षं झाली, पण सूनबाईंनी हे घर आणि या मूर्ती जिवापाड जपल्या. खाऱ्या वाऱ्याच्या गावात हे सोपं नाही. आतल्या लोखंडाला एकदा गंज धरला की सिमेंटला चिरा पडतात.

पुण्याचा शिवाजीही आठवला. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला, १९२८ चा. आत्याकडे गेलो की तुम्ही मला न चुकता तिकडे न्यायचात आणि घोड्याच्या पायांकडे बघायला लावायचात. साडेतेरा फूट उंचीचं ब्राँझ, आणि सगळा भार त्या बारीक पायांवर. या वेळी वाटलं, राममंदिराच्या भिंतीवरचा घोडा तो हाच. भिंतीवरून उतरायला त्याला एवढा मोठा फेरा घ्यावा लागला.

आता खरं लिहायचं ते लिहिते. गेल्या भाद्रपदात तुम्ही गणपती केला नाहीत. पेणहून मूर्ती आणलीत. आईने मला फोनवर हळूच सांगितलं, "हात थरथरतात त्यांचे. डोळ्यांची आखणी जमत नाही म्हणाले, मग मूर्ती तरी कशाला करायची." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून रडले. तुमच्या शाडूच्या वासाशिवाय माझा श्रावण कधी झाला नव्हता. ओला गोळा थापताना येणारा तो आवाज, पाटावर पसरलेलं गोणपाट, आणि मला मिळणारा उंदीर. उंदीर नेहमी माझा.

बाबा, सासवण्याला मी सगळ्या मूर्तींचे डोळे नीट पाहिले. एकालाही रंगाची रेघ नाही. पापणी कुठे संपते आणि खोबण किती खोल जाते, यावर नजर उभी आहे. सावलीने आखलेले डोळे. असा खोलवा करायला तुम्हीच मला अंगठ्याने शिकवलंत. "आधी माती बघायला लागली पाहिजे, रंग मागाहून," हे तुमचेच शब्द. मग थरथरणाऱ्या हाताने काय अडतं? माती दाबायला तुमचा अंगठा अजून पुरेसा आहे. आखणी मी करीन. तुम्ही शेजारी बसून सांगा, चुकलं तर ओरडा.

या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवसांची रजा टाकते आहे. आधी पाच दिवस टाकणार होते, पण तेवढ्यात मूर्ती वाळतसुद्धा नाही. इथल्या कुमारटोलीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, मी पुष्कळदा जाते. हे लोक बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा बांधून त्यावर गंगेची माती चढवतात. आपल्याकडच्या गोळ्यातून वाढणाऱ्या मूर्तीपेक्षा अगदी वेगळी रीत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून थोडी माती मागून ठेवली आहे. उंदीर तिचा करू.

आई, तू लोणच्याची बरणी पाठवलीस ती पोचली. झाकण घट्ट होतं, तेल सांडलं नाही. गुडघ्याला तेल लावतेस ना रोज? आणि माळ्यावर, जुन्या पेटीच्या मागे, बाबांच्या लाकडी कोरण्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. कुणाला तरी चढवून त्या खाली काढून घे. वाळवी लागली नसेल तर एक हात तेलाचा दे त्यांनाही.

तुमची,
धाकटी