रात्री आवाज लांब जातो, पण वेगाने नाही

संपादकसाहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी पुरवणीत मुलांच्या पानावर एक चौकट होती, ‘रात्री हवा थंड आणि दाट होते, त्यामुळे आवाज वेगाने जातो आणि लांबवर ऐकू येतो’ अशी. नातीने ती कापून विज्ञानाच्या वहीत चिकटवलीसुद्धा, आणि आता आजोबा सांगतात ते खरं की पेपरात छापलंय ते खरं यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय, म्हणून हे पत्र.

लांबवर ऐकू येतो हे एकदम बरोबर. वेगाने जातो हे चूक, नेमकं उलट आहे. हवेत शून्य डिग्रीला आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो, २० डिग्रीला ३४३, म्हणजे डिग्रीमागे ०.६ मीटर वाढ धरा. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी तो ३५० च्या घरात जाईल आणि थंडीतल्या पहाटे ३४३ वर येईल. मला वाटतं घोळ ‘दाट’ या शब्दाने घातलाय. पाण्यात आवाज सेकंदाला १५०० मीटर जातो, पोलादात ५००० च्या वर, मग माणसाला वाटतं जेवढं दाट तेवढं फास्ट. पण तिथे कामाला येतो तो ताठरपणा, पाणी दाबून बघा, दबतच नाही, पोलाद तर त्याहून नाही. हवा थंड झाली की दाट होते पण ताठ होत नाही, उलट तिचे कण सुस्तावतात आणि एकाचा धक्का दुसऱ्याला उशिरा पोचतो.

मग लांबचं ऐकू का येतं? रात्री गोंगाट नसतो हे आहेच, पण तेवढ्याने भागत नाही.

आमची आंब्याची कलमं सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला आहेत. एप्रिलात भर दुपारी कातळावर पाय ठेववत नाही. मी या टोकावरून राखण्याला हाक मारतो, तो अडीचशे मीटरवर दिसतोय, तोंडही माझ्याकडेच, पण ढिम्म. जवळ गेल्यावर म्हणतो, “काय बोललात ता आयकाक येवक नाय.” मी कित्येक वर्षं त्याला कमी ऐकू येतं असंच धरून चाललो होतो आणि तसं चारचौघांत बोललोही, त्याची इथे माफी मागतो. कारण त्याच वेळी त्याच्या पायाशी कातळावर पाणी साचल्यासारखं चकाकत असायचं, ते मृगजळ, आणि माझी हाक गायब करणारी आणि ते खोटं पाणी दाखवणारी हवा एकच.

जोताला बैलांची जोडी बघा. एक बैल ढिला पडला की जोत त्याच्याच बाजूला वळतं. लहरीचंही तसंच, तिचा जो भाग हळू चालतो तिकडे ती वळते. दुपारी कातळालगतची हवा तापलेली, वरची त्यामानाने थंड, आवाज वर हळू आणि खाली वेगात, म्हणून हाक वरती वळते आणि राखण्याच्या डोक्यावरून निघून जाते. प्रकाशाला जायला खरं तर हवा लागतच नाही, सूर्यापासून इथवर तो सव्वाआठ मिनिटं पोकळीतूनच येतो, पण हवेत शिरला की किंचित हळू होतो, आणि थंड दाट हवेत अजून थोडा. त्यामुळे आभाळाचा उजेड कातळाजवळ येऊन वर वळतो, डोळ्यात खालून शिरतो आणि आपल्याला वाटतं खाली पाणी आहे. आवाज थंडीत हळू होतो कण सुस्तावल्यामुळे आणि प्रकाश हवा दाट झाल्यामुळे, कारणं वेगळी पण दोघंही वळतात थंड बाजूलाच. फरक किती वळतात यात. १० डिग्रीच्या फरकाने आवाजाचा वेग पावणेदोन टक्के बदलतो, प्रकाशाचा लाखात एक भाग, म्हणून तर मृगजळ नजर जमिनीला घासून गेली तरच दिसतं.

रात्री सगळं उलटं. आभाळ निरभ्र असलं की कातळ पटकन थंडावतो, त्याला चिकटलेली हवाही, आणि वरची ऊबदार राहते. मग आवाज वर सुटत नाही, खाली वळून परत जमिनीकडे येतो. आमच्याकडे जत्रेचा दशावतार असला की देऊळ तीन किलोमीटरवर पूर्वेला असूनही अंथरुणात पडल्या पडल्या पखवाज ऐकू येतो. झांज नाही येत, बारीक आवाज हवा वाटेतच खाते, जाड आवाज पोचतो.

त्यात रात्रीचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, म्हणजे देवळाकडून आमच्याकडे. पण वारा आवाज वाहून आणतो असं जे म्हणतात तेही अर्धवटच, आवाज ३४३ ने चाललाय तिथे वाऱ्याच्या तीन-चार मीटरने काय होणार! जमिनीलगत झाडाझुडपांत वारा अडतो, वर मोकळा जोरात असतो, म्हणून लहरीची वरची बाजू पुढे जाते आणि ती खाली कलते. दुपारी मी हाक मारतो ती समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, तेव्हा ती त्यानेही वरच उचलली जाते. हे काही मी शोधलेलं नाही, वाऱ्याचं स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५७ ला सांगितलंय आणि तापमानाचं रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८७४ ला.

परतीच्या पावसात घाटाकडे रात्री वीज नुसती लकलकते, गडगडत नाही, तेही यातच बसतं. रात्रीची ती उलटापालट जमिनीलगतच्या हवेतच, त्याच्या वर जावं तशी हवा थंडच होत जाते, आणि वीज कडाडते ती उंचावर, म्हणून गडगडाट वर वळतो, वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकूच येत नाही. ऐकू आला तर सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर.

तेव्हा दोन ओळींची दुरुस्ती छापा ही विनंती. नात म्हणते ती पण वहीत चिकटवीन, पण आधीची काढणार नाही, फेविकॉलने बसलीय.

– एक बागायतदार, ता. देवगड