तिबेटी शेजाऱ्यांचे अनुदान थांबू नये, म्हणून खासदारांना पत्र लिहा

सप्रेम नमस्कार.

गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पाशी ज्याचा काहीच संबंध आला नाही, असा माणूस अर्जुनी मोरगाव तालुक्यात सापडणे कठीण. कोणी तिथे रोवणीला जाते, कोणी ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला जाते, कोणाचा वर्गमित्र तिथला असतो. नागपूरकर आणि पुणेकर यांना हेच लोक थंडीत स्वेटर विकणारे म्हणून ठाऊक आहेत. हा कॅम्प म्हणजेच नोरग्येलिंग ही वसाहत 1972 साली वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या कागदपत्रांत वसाहतीच्या नावापुढे अजून ‘भंडारा’च लागते.

या वसाहतीसह देशभरातल्या तिबेटी वसाहतींना केंद्र सरकार जे अनुदान देते, त्या योजनेची मंजूर मुदत येत्या 31 मार्च 2026 रोजी संपते आहे. ते पुढे चालू राहावे आणि वाढावे, यासाठी आपण प्रत्येकाने आपल्या खासदारांना पत्र लिहावे, एवढी कळकळीची विनंती आहे.

आधी रक्कम पाहा. 2015-16 पासून पाच वर्षांसाठी केंद्राने तिबेटी मदत समितीला, म्हणजे वसाहतींचे काम पाहणाऱ्या तिबेटींच्याच संस्थेला, 40 कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे वर्षाला 8 कोटी. देशातल्या 36 तिबेटी वसाहत कार्यालयांचा प्रशासकीय खर्च आणि वसाहतींमधली समाजकल्याणाची कामे, दोन्ही त्यातच. पुढे मुदत वाढली, रक्कम मात्र 40 कोटीच राहिली. तिबेटींच्याच 2009 च्या मोजणीत भारतात सुमारे 94 हजार लोक नोंदले गेले होते. तो आकडा धरला तर माणशी वर्षाला साडेआठशे रुपये होतात. आता लोकसंख्या घटली आहे, म्हणून त्याहून थोडे जास्त धरा. या काळात खत, डिझेल, औषधे, मजुरी सगळेच महागले. 2025-26 चा केंद्राचा अर्थसंकल्प 50 लाख कोटींच्या वर आहे. त्यात 8 कोटी कोणाला शोधूनही दिसायचे नाहीत, आणि म्हणूनच भीती वाटते. जी ओळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, ती गळली तरी कोणाला कळत नाही.

हा पैसा कशाला लागतो, ते आम्ही जवळून पाहतो. कॅम्पातली तरुण मुले शिकून बंगळुरू-दिल्लीला गेली, काही परदेशी गेली. मागे राहिले म्हातारे. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, आता बरेचदा आपल्याच गावचे लोक करतात. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना आरसी, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून दिलेले नोंदणीपत्र, ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. फोटो, अर्ज, जुन्या पत्राच्या प्रती हे सगळे जुळवून देणारे कोणी नसेल, तर पन्नास वर्षे इथे काढलेली बाई एका दिवसात कागदावर बेकायदा ठरू शकते. अशा वेळी म्हातारी माणसे ज्या एका दारात जातात, ते वसाहत कार्यालयाचे. अनुदान बंद झाले, तर पहिला फटका त्याच कार्यालयाला बसेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. 1959 मध्ये दलाई लामा आले, पंडित नेहरूंच्या सरकारने आसरा दिला, राज्यांनी जमिनी दिल्या. पुढे 2014 मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणले आणि जमिनींचे भाडेपट्टे, रेशन, रोजगार हमी अशा सोयी देण्यास राज्यांना सांगितले. हे सगळे चांगलेच झाले. पण ते धोरण आहे, हक्क नाही. योजना संपली तर दाद कुठे मागायची? संसदेत आवाज उठवणारे लोकप्रतिनिधी हाच त्यांचा आधार, आणि कॅम्पातल्या बहुतेकांना मतच नाही. मत आपल्याला आहे.

परदेशी मदतीवर विसंबता येत नाही, हे 2025 च्या सुरुवातीला दिसले. अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि भारत-नेपाळमधल्या तिबेटींच्या आरोग्य-शिक्षणाच्या कामांना धक्का बसला. काही पैसा नंतर सुटला, पण तिथल्या राजकारणाने इथल्या म्हाताऱ्यांची औषधे ठरावीत, हे आम्हाला पटत नाही.

गावात एक प्रश्न हमखास येतो: आमच्याच धानाला भाव नाही, बोनससाठी वाट पाहावी लागते, मग यांच्यासाठी का भांडायचे? प्रश्न खरा आहे, आणि ही विनंती करणाऱ्या आमच्या मंडळातले अर्धेअधिक लोक धानकरीच आहेत. पण हे 8 कोटी वाचले म्हणून आपल्या धानाला एक रुपयाही जास्त मिळणार नाही. तो पैसा शेतीच्या नव्हे, गृह मंत्रालयाच्या खात्यातला आहे. धानाच्या भावासाठी आपण भांडतोच, पुढेही भांडू. त्या मोर्चांसाठी शेजाऱ्याच्या घरातला दिवा विझायची गरज नाही.

पत्रात नुसते ‘तिबेटींना मदत करा’ असे लिहू नका. गृह मंत्रालयाच्या ‘स्थलांतरित व परत आलेल्यांची मदत व पुनर्वसन’ या छत्र योजनेचा स्पष्ट उल्लेख करा. 2021-22 ते 2025-26 साठी तिला 1,452 कोटी रुपये मंजूर झाले होते. तिच्यात सात उपयोजना आहेत. तिबेटी मदत समितीचे अनुदान त्यांपैकी एक, आणि तमिळनाडूतल्या छावण्यांमध्ये राहणाऱ्या सुमारे 58 हजार श्रीलंकन तमिळ निर्वासितांची मदतही त्यातच. मागणी संपूर्ण योजनेसाठी करा. एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा ही योजना पुढच्या पाच वर्षांसाठी चालू ठेवावी आणि तिबेटी अनुदानाची रक्कम महागाईनुसार वाढवावी, असे लिहा.

वेळही महत्त्वाची आहे. अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, मग अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते. त्या सुट्टीत गृह खात्याच्या खर्चाच्या मागण्या संसदेच्या स्थायी समितीपुढे तपासल्या जातात, आणि खासदार मतदारसंघात असतात. भेटायचे तर तेव्हाच. भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी आपल्या खासदारांना भेटावे; नागपूर, पुणे, मुंबईच्या वाचकांनी आपापल्या. राज्यसभेचे सदस्यही विसरू नका. तिबेटसाठी संसदेत सर्वपक्षीय मंच आहे, त्यात आपले खासदार आहेत का, हे विचारा आणि नसतील तर सामील व्हायची विनंती करा. हा कोणत्याही पक्षाचा विषय नाही.

ग्रामपंचायतींना आणखी एक विनंती: 26 जानेवारीच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव घ्या. ठरावाची प्रत खासदारांना, आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. पत्र हाताने लिहिले तरी चालेल, चार ओळींचे असले तरी चालेल; खाली नाव, गाव आणि मतदारसंघ मात्र लिहा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पत्राची एक प्रत मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे द्या. सगळ्या प्रतींचा एकत्र गठ्ठा करून आम्ही तो सुट्टीत खासदारांच्या कार्यालयात नेऊन देणार आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी आमचे दोन कार्यकर्ते कागद-पेन घेऊन बसतील.