दमेकऱ्यांच्या ताटाकडेही पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत ३० वर्षं राबली आणि घरी आल्यावर चुलीपुढं बसली. विडी तिनं कधी ओढली नाही, तरी तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, झाला. आमच्याकडं त्याला दमाच म्हणतात. पंप आणि गोळ्या वेळेवर चालू होत्या. अंगावरचं मांस मात्र झडत चाललं होतं. "वय झालंय, आता असंच चालायचं," असं ऐकून आम्हीही गप्प राहिलो, त्याची बोच अजून जात नाही. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला काट्यावर उभं केलं. वजन भरलं ३७ किलो. दीड वर्षापूर्वीच्या केसपेपरवर ४६ होतं.

त्या बाईंनी समजावलं ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र. या आजारात फुफ्फुसांत हवा अडकून राहते, त्यामुळं छातीखालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, चपटं होतं आणि प्रत्येक श्वासाला जादा जोर लावावा लागतो. नुसत्या श्वासासाठी लागणारी ताकद निरोगी माणसाच्या १० पटीपर्यंत जाऊ शकते. त्यात भरल्या पोटी श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून जेवताना धाप लागते आणि माणूस दोन घासांवर उठतो. अन्न कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू वापरू लागतं. श्वासाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत.

म्हणून आता आई एकदम पोटभर न जेवता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते. हुलग्याचं माडगं, अंडं, दूध, शेंगदाण्याची चटणी, भाकरीवर तूप. पावडरीचे महागडे डबे आणावे लागले नाहीत. जोडीला रोज श्वासाचा व्यायाम. त्यासाठी स्प्रिंगच्या झडपेचं छोटं यंत्र मिळतं. त्यातून हवा आत ओढताना जोर लागतो, आणि तो जोर रुग्णाची श्वास आत ओढायची ताकद मोजून, साधारण तिच्या ३० टक्क्यांपासून सुरू करून, हळूहळू वाढवतात. श्वास ओढून प्लॅस्टिकचे तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र वेगळं, त्यात असा मोजून जोर लावता येत नाही. हा व्यायाम मनानं सुरू करू नये. पूर्वी फुफ्फुसाला छिद्र पडलेल्यांना तो चालत नाही.

कुपोषित सीओपीडी रुग्णांना पूरक आहार दिला की वजनाबरोबर श्वासाच्या स्नायूंची ताकदही वाढते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये. तोच माणूस टीबीतून बरा होऊन फुफ्फुसं निकामी घेऊन घरी बसला, की त्याच्या ताटाचं कुणी विचारत नाही. चुलीच्या धुरानं दम गेलेल्या खानापूरच्या रानातल्या बायकांनाही कुणी विचारत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या तालुका रुग्णालयांत प्रत्येक दमेकऱ्याचं वजन दर भेटीला केसपेपरवर लिहावं, श्वासाची ताकद मोजायची सोय करावी आणि कमी वजनाच्यांना टीबीसारखाच आहारभत्ता मिळावा. आहार-व्यायामाचा कागद मराठीतही द्यावा. आईला मिळालेला कागद कन्नडमध्ये होता. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून तो वाचून घ्यायला आम्हाला चार दिवस लागले.

आपली,
एक वाचक, निपाणी