चोडणच्या होडीवाले दादांना

होडीवाले दादा,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या त्या रविवारी तुम्ही आम्हाला होडीतून खारफुटीतले पक्षी दाखवलेत, पण तुमचे धड आभारही मानता आले नाहीत. बाबांना धक्क्यावर उतरवलंत आणि लगेच पुढच्या पाहुण्यांसाठी होडी वळवलीत. राहिलेलं बोलणं इथे लिहिते आहे. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या नजरेस पडलं, तर त्यांनी ते तुम्हाला जरूर वाचून दाखवावं.

माझे बाबा चोडण बेटावर मराठी शाळेत अकरा वर्षं मास्तर होते. तेव्हा आम्ही नदीपलीकडे रायबंदरला राहायचो. रोज जाता-येता फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी ती खारफुटी पाहिली, पण आत कधी गेले नाहीत. १९८७ साली पक्षितज्ज्ञ सलीम अली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे पक्षी अभयारण्य झालं. त्या दिवसांत बाबा फळ्यावर खडूने खंड्या काढून मुलांना दाखवायचे. रान ते केवढं, तर जेमतेम १.८ चौरस किलोमीटर. 'जाऊ एकदा' म्हणता म्हणता निवृत्ती आली, आम्ही डिचोलीला आलो आणि बाबांचे गुडघे धरले.

आदल्या दिवशी मी फोनवर 'पहाटे येऊ का' असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, पहाट नको, सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ धरून या. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला उतरतात. पण आम्ही पोचलो तेव्हा त्याच सुकतीने आमची वाट अडवली होती. होडी जेटीच्या कितीतरी खाली गेलेली. बाबांनी एक पाय पुढे केला, मागे घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जाऊन ये."

दादा, त्या क्षणी मी परत फिरायचंच ठरवलं होतं. "मातशे रावात," जरा थांबा, एवढंच बोलून तुम्ही होडी सोडलीत आणि वळसा घेऊन फेरीच्या धक्क्याशी आणलीत. तो धक्का उतरता, पाणी कितीही खाली गेलं तरी त्याचा उतार पाण्यापर्यंत पोचतोच. एक फेरी सुटून दुसरी लागायच्या आत तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून होडी धरलीत, बाबांचा हात खांद्यावर घेतलात, "भियेनाकात" म्हणालात. अकरा वर्षं त्या धक्क्यावरून ये-जा केलेल्या माणसाला आणि मलाही हे सुचलं नव्हतं.

आत शिरल्यावर तुम्ही बोलणं थांबवलंत. वल्ह्याचाही आवाज नाही. दोन्ही बाजूंना ओला चिखल, त्यातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. होडीत खाली बसलं की चिखलाचा काठ थेट डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे आम्ही पक्ष्यांकडे वाकून नव्हे, सरळ समोर बघत होतो. निवट्या उड्या मारत होत्या, एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती हलवत बिळाच्या तोंडाशी उभे होते. तांबड्या पायांचे रेडशँक चोच खुपसत चालले होते. हिवाळ्यापुरते इतक्या लांबून आलेले हे जीव! मी फोटोसाठी उठू लागले तेव्हा तुम्ही नुसता तळहात खाली केलात. मी बसले. ते बरंच झालं, कारण ओहोटीच्या या थोड्या तासांतच त्यांना पोट भरायचं असतं. उगाच उडवलं तर तेवढा घास गेला.

मग तुम्ही वल्हं रोखून बाबांना एक फांदी दाखवलीत. पांढऱ्या गळपट्ट्याचा, निळा-हिरवा खंड्या. बाबांना आधी दिसेना. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून धूसर आहे. तुम्ही घाई केली नाहीत. होडी वीतभर मागे, वीतभर पुढे घेत राहिलात. खंड्या सूर मारून खेकडा घेऊन परत त्याच फांदीवर आला, आणि बाबांच्या तोंडून "आहा" निघालं. फळ्यावर त्यांनी गळपट्टा कधी काढला नव्हता, हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं.

मगर काही दिसली नाही. पण परतताना बाबा तुम्हाला बोरी गावच्या मानगे थापणीबद्दल विचारत होते. पौष अमावास्येला तिथे मातीची मगर करून पुजतात, तिने खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचे, बांध राखावेत म्हणून. तुम्ही दोघं मग बांध आणि मानशींवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, जे बोलत सुटलात, त्यात मला कुणी विचारलंही नाही. बाबांना इतकं मोकळं बोलताना मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

ठरल्यापेक्षा तासभर जास्त फिरवलंत आणि वरचे पैसे घेतले नाहीत, हेही इथे लिहून ठेवते.

बाबा आता पंचांग काढून बसतात. अमावास्येला पाणी जास्त खाली जातं, म्हणजे चिखल जास्त उघडा पडणार, असा त्यांचा हिशेब आहे. तर दादा, येत्या अमावास्येला सुकती किती वाजता, तेवढं फोन करून कळवा. आम्ही मयेवरून येऊ आणि जेटीवर न जाता सरळ फेरीच्या धक्क्यावर उभे राहू.

तुमची,
मास्तरांची मुलगी
डिचोली, गोवा