भिंती नसलेल्या घरातला मार

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत प्रशांत महासागरातल्या बेटांवर बायकांना होणाऱ्या मारहाणीवर मजकूर आला होता. सामोआ त्यात दोन ओळींत आटोपला होता आणि शब्द होते ‘चार भिंतींआडचा छळ’. मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षं मुलाकडे ऑकलंडला, मँगेरे भागात राहते. आमच्या डावीकडे सामोअन कुटुंब, समोर सामोअन कुटुंब, कोपऱ्यावरचं चर्चही त्यांचंच. म्हणून राहवलं नाही.

सामोआतल्या जुन्या पद्धतीच्या घराला भिंतीच नसतात. त्याला फाले म्हणतात. उंच ओटा, कडेने लाकडी खांब, वर छप्पर. पाऊस आला की झापांचे पडदे खाली सोडायचे, थांबला की वर गुंडाळायचे. आता बंद घरंही भरपूर झाली आहेत, पण खेड्यांत फाले अजून आहेत. अशा घरात नवऱ्याने हात उगारला तर शेजारच्या फालेत दिसतं, रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू येतं. तेव्हा ‘कुणाला कळलंच नाही’ ही सबब तिथे चालत नाही. सगळ्यांना कळतं. कळल्यावर काय करायचं, एवढंच ठरायचं असतं, आणि गेल्या वीसेक वर्षांत तिथे जे काम उभं राहिलंय ते नेमकं यावरच.

डावीकडच्या शेजारणीची आणि माझी ओळख अळूवरून झाली. ती त्याला तालो म्हणते, पानांत नारळाचं घट्ट दूध घालून शिजवते; मी फदफदं करते. कुंपणावरून वाट्या जातात-येतात. एकदा भाऊबीजेला तिने विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, तर हसून म्हणाली, आमच्याकडे हे बारा महिने असतं. बहीण-भावातल्या या कराराला ते फेआगाइगा म्हणतात. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, अशी त्यांची म्हणच आहे. तिच्यापुढे भावाने वावगा शब्द काढायचा नाही, तिच्यासाठी जीव द्यायचा.

मग बायको? तर नवऱ्याच्या गावी नांदायला आलेल्या सुनेला तिथे नोफोताने म्हणतात. तिला या करारातलं काहीच लागू नाही. रांधायचं, वाढायचं, नणंदांची उस्तवार करायची. माझी शेजारीण तरुणपणी सवाई बेटावर अशीच नांदली. म्हणाली, “नणंदा डोळ्यातल्या बाहुल्या. मी चुलीतली फुंकणी.” (फुंकणी हा शब्द माझा, तिने हातानेच फुंकून दाखवलं.) म्हणजे तीच बाई माहेरी पूज्य आणि सासरी कुणीच नाही. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सामोआ होता. नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका ४६ टक्के. मला त्याहून धक्का दुसऱ्या आकड्याचा बसला. वयाच्या पंधरा वर्षांनंतर जोडीदाराखेरीज इतर कुणीतरी मारलेल्या बायका ६२ टक्के, आणि मारणाऱ्यांत मुख्यतः घरचेच आणि शिक्षक. नवऱ्याच्या हातचा मार बहुतेकींच्या बाबतीत पहिला मार नसतोच. तरुण मुलामुलींसाठी वेगळे कार्यक्रम कशाला, असं विचारणाऱ्याला मी हा आकडा दाखवीन.

कायदे आहेत. २०१३ चा कुटुंब सुरक्षा कायदा आहे, त्याखाली न्यायालय संरक्षणाचे आदेश देतं. त्याच वर्षीच्या नव्या गुन्हेगारी कायद्याने नवऱ्याने केलेला बलात्कारही गुन्हा ठरवला. (आपल्या नव्या न्याय संहितेत नवऱ्याला सूट देणारा अपवाद अजून जिवंत आहे, हे जाता जाता.) २०२१ मध्ये फिआमे नाओमी मताअफा तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, त्याने घरातला मार थांबला असंही नाही.

कारण खेड्यात चालतं ते फोनोचं, म्हणजे मताई या कुटुंबप्रमुखांच्या सभेचं. तिचा वचक किती, तर संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली की शंख किंवा घंटा वाजते आणि गाव जागच्या जागी थांबतं. त्या वेळात रस्त्यावर हुंदडणाऱ्याला दंड होतो. दंड डुकरं, मासळीच्या डब्यांची खोकी किंवा रोख. आता बायकोला मारल्याबद्दल घराला दंड झाला असं समजा. ती खोकी आणायची कुणी? घरातल्यांनीच, म्हणजे मार खाल्लेलीनेही. वर ‘तुझ्यामुळे’ हे आयुष्यभर ऐकायचं. मग ती पुढच्या वेळी ओरडणार कशाला? आपल्याकडे तंटामुक्त गावाच्या बक्षिसापायी ‘मिटवून टाक बाई’ असं किती जणींना सांगितलं गेलं असेल, याची आठवण झाली.

सामोआच्या लोकपालांनी कौटुंबिक हिंसेवर जाहीर चौकशी केली, गावोगावी लोकांना बोलतं केलं आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. फोनो आणि चर्च दोघांनाही त्यात खडे बोल आहेत. पण गावसभा बरखास्त करा असं तो म्हणत नाही. गावातच कुटुंब सुरक्षा समित्या नेमा म्हणतो, आणि पुढे तशा समित्या नेमायला सुरुवातही झाली. शंख वाजला की सगळं गाव थांबवता येतं, तर एक उगारलेला हातही थांबवता यावा, असा हिशेब. मला तो पटतो. पूर्ण नाही पटत, कारण समितीवर त्या नवऱ्याचाच चुलता बसला तर काय, याची धास्ती आहेच. म्हणूनच गावाबाहेरचा आधार लागतो.

तो ‘सामोआ व्हिक्टिम सपोर्ट ग्रुप’ने दिला. लीना चँग यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये उभी राहिलेली ही संस्था बायका-मुलांना आसरा देते, फोनवर मदत करते, आणि तिचे प्रतिनिधी गावागावांत आहेत. म्हणजे फालेतून ओरडणं ऐकू आलं तर ऐकणाऱ्यांतलं निदान एक माणूस पुढे काय करायचं ते जाणतं. २०१६ पासून याच संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन विमेन’ या महिलांसाठीच्या शाखेच्या साहाय्याने खास नोफोताने बायकांसाठी उपक्रम चालवला. शिवण, स्वयंपाक, हस्तकला, विकायचं कसं, हिशेब कसा ठेवायचा. हजारो सुना त्यात आल्या. शिवणवर्ग म्हटला की आपण नाक मुरडतो, मीही मुरडलं होतं. शेजारीण म्हणाली, सासरच्या घरात सुनेच्या हाती स्वतःची नोट आली की जेवायला बसायची जागा बदलते.

तरुणांत ‘ब्राउन गर्ल वोक’ ही मालुसेउ डोरिस तुलिफाऊ यांची संघटना विद्यापीठातल्या मुलामुलींना घेऊन काम करते. पुरुषांकडे जाणारी वाट मात्र इथे न्यूझीलंडमध्येच एका सलूनमधून निघाली. सामोअन वंशाचा मॅट ब्राउन ख्राइस्टचर्चला केस कापतो. लहानपणी घरात मारहाण पाहिलेला माणूस. खुर्चीत बसलेले पुरुष त्याच्याशी बोलू लागले, त्यातून ‘शी इज नॉट युवर रिहॅब’ ही चळवळ झाली. तुझ्या जखमा बऱ्या करायला बायको हे काही सुधारगृह नव्हे, असा त्याचा अर्थ. मान वस्तऱ्याखाली असताना पुरुष खरं बोलतो, असं माझ्या मुलाचं मत.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. कोपऱ्यावरच्या चर्चच्या सभागृहात, चहाच्या मेजावरच, मदतीच्या फोन क्रमांकांचा कागद चिकटवलेला आहे, सामोअन आणि इंग्रजीत. तो पाहून मी इथल्या आमच्या एका मंडळात सुचवलं, आशियाई स्त्रियांसाठी ‘शक्ती’ ही संस्था ऑकलंडमध्ये १९९५ पासून आहे, तिचा क्रमांक गणपतीत प्रसादाच्या टेबलाशी लावू या, मराठीत. उत्तर आलं, “काकू, सणासुदीला हा विषय नको. आणि आपल्यात असं कुठे असतं?”

आपला अंक इथे पुष्कळ मराठी घरांत मोबाइलवर वाचला जातो. तेव्हा विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा सोबत चौकटीत मदतीचे क्रमांक छापा, भारतातले आणि परदेशातलेही. कात्रण मी टेबलावर ठेवीन. वर्तमानपत्रात आलेलं आहे म्हटल्यावर मंडळी सहसा काढून टाकत नाहीत.

आपली एक वाचक,
मँगेरे, ऑकलंड