तात्या, ते सदतीस जण शोधायला तुम्ही लावलंत

ती.स्व. तात्या यांस,
सा. न. वि. वि.

निवृत्तीच्या समारंभात मी झाडून सगळ्यांचे आभार मानले. मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, विभागाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशींचेसुद्धा. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात आणि दारातच बजावलं होतंत, "मॅडम, माइकवर माझं नाव निघता कामा नये." निघालं नाही. पण ज्यांच्यामुळे माझं निम्मं संशोधन उभं राहिलं त्यांचाच उल्लेख गाळून बसणं मला जमेना, म्हणून हे पत्र. यालाही तुमच्या अटी आहेतच. नाव नाही, कारखान्याचं नाव नाही, राहता तो चौक नाही. मान्य. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली निम्मी माणसं तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. तात्या फिटर होते, दारू पीत होते, मग थांबले, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागले. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली ही संगत. त्यापुढची तात्यांची कहाणी त्यांची आहे. ती ते मीटिंगमध्ये सांगतात, मी इथे सांगणार नाही.

मी पीएचडीला लागले तेव्हा व्यसनाचं मानसशास्त्र मला पुस्तकातून चांगलं येत होतं. बदलाचे टप्पे, पुन्हा पिण्यामागची कारणं, प्रेरणा जागवणारी मुलाखत, सगळं मुखपाठ. मार्गदर्शक सरांनी सांगितलं, एकदा ओपन मीटिंगला, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगला, बसून या. शाळेचा वर्ग होता, लहान मुलांची बाकं, त्यात गुडघे मुडपून बसलेले मोठाले पुरुष. मीटिंग संपल्यावर तुम्ही चहा दिलात आणि विचारलंत, "लिहून काय घेतलं?" मी वही मिटली, कारण तिथलं ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. "मग येत जा," म्हणालात.

प्रश्नावलीचं काम निघालं तेव्हा ती कारखान्यांत न्यायच्या आधी मी तुम्हाला दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेची दारू पिण्याविषयीची 'ऑडिट' चाचणी, दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण. आठ किंवा जास्त झाले की पिणं धोक्याच्या दिशेने चाललंय असं धरायचं. तुम्ही चष्मा लावून पहिला प्रश्न वाचलात, दुसरा वाचलात आणि थांबलात. प्याल त्या दिवशी किती ड्रिंक घेता? "याचं उत्तर मी 'एक' दिलं असतं," तुम्ही म्हणालात. "रोज एकच घ्यायचो. एक क्वार्टर."

मग तुमच्याच ओट्यावर हिशोब झाला. क्वार्टरची रिकामी बाटली तुम्ही शेजारच्या भंगारवाल्याकडून आणलीत, माझ्याकडे औषधाचं माप होतं. बाटलीभर पाण्याने तीस मिलिलिटरचं माप सहा वेळा भरलं. व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे तीस मिलिलिटरमध्ये साधारण दहा ग्रॅम, आणि चाचणीतलं एक ड्रिंक तेवढंच. म्हणजे तुमची 'एक' क्वार्टर सहा ड्रिंकची. चाचणीचा तिसरा प्रश्न विचारतो, एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? 'एकच घेतो' म्हणणारा माणूस रोज त्या रेषेवर उभा होता आणि कागदावर तो संयमी ठरला असता. काकू आतून म्हणाल्या, "आता कळलं होय, एक म्हणजे किती ते." तेव्हापासून आमच्या प्रत्येक सर्वेक्षकाच्या पिशवीत रिकामी क्वार्टर आणि माप असतं. महिलांना ती पिशवी बसमध्ये सांभाळताना काय काय ऐकून घ्यावं लागलं, तो वेगळा विषय.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पगाराच्या दिवशी विचारू नका, खरं सांगायला वेळ नसतो. महिनाअखेरीसही विचारू नका, तेव्हा खिसा रिकामा असतो आणि सगळेच सोडलेले असतात. सुपरवायझरच्या केबिनमध्ये तर अजिबात नाही. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, त्या माणसाला सकाळी दहाला गाठा, तोवर झोप झालेली असते आणि संध्याकाळ लांब असते. नमुना निवडीवर मी कितीतरी प्रकरणं वाचली होती. त्यांत पाळ्यांचं वेळापत्रक नव्हतं.

आपले वाद झाले, तेही लिहायला हवेत. तुमच्या पिढीचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. मनाने धरलं की सुटते, खोलीत ठेवा चार दिवस, तडफडेल आणि उठेल. मी ऐकत नव्हते. अनेक वर्षं रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दिवसातच हातपाय कापतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, भान सुटतं, त्यात जीवही जातो. अशा माणसाला दवाखान्यात ठेवावं लागतं, आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. हे मी तुम्हाला मीटिंगनंतर, रस्त्यात, रिक्षात, सगळीकडे सांगत राहिले. तुम्ही कधी 'पटलं' म्हणाला नाहीत. पण एके दिवशी एका नव्या माणसाच्या भावाला तुम्ही सांगताना मी ऐकलं, "आधी सिव्हिल, मग मीटिंग." पुढे ते तुमचं ठरलेलं वाक्य झालं.

उलट दिशेनेही झालं. मीटिंगचा खरंच उपयोग होतो का, यावर आमच्या शास्त्रात बरीच वर्षं शंका होती. उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात ठाम पुरावा सापडला नव्हता. २०२० मध्ये त्यांचा नवा आढावा आला. २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, आणि निष्कर्ष असा की माणसाला मीटिंगशी जोडून देणारी पद्धतशीर उपचारपद्धती पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरते. मी तुम्हाला लगेच फोन केला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं झालं. म्हणजे आता मी दारू सोडायला हरकत नाही."

पण माझ्या कामाचं तोंड तुम्ही फिरवलंत ते त्याच्या आधी. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल आला. मी वर्गात त्यावर बोलत होते, तुम्हीही होतात. दहा ते पंच्याहत्तर वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस माणसांपैकी एकालाच काही ना काही मदत मिळते, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर एकशे ऐंशींत एक. विद्यार्थ्यांनी आकडे उतरवून घेतले. तुम्ही हात वर केलात. "तो एक म्हणजे मी, हे समजलं. बाकीचे सदतीस सध्या कुठे बसलेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नव्हतं, कारण आम्ही सगळे त्या एकाचाच अभ्यास करत होतो. व्यसनमुक्ती केंद्रात आलेला, वॉर्डात पडलेला, आमच्यापर्यंत पोचलेला. मग आपण शोधायला निघालो. हे 'आपण' मी मुद्दाम लिहिलं आहे. तुम्ही दाखवलंत की ते अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला सातपूरजवळच्या अंबडच्या जनरल प्रॅक्टिशनरकडे बसलेले असतात. पडून मनगट मोडलं म्हणून हाडांच्या ओपीडीत असतात. पतपेढीत असतात, म्हणजे त्यांचे जामीनदार असतात. आणि सगळ्यांत आधी त्यांच्या बायका बोलतात, पण 'नवरा पितो' असं नाही. बचत गटात हप्ता का चुकला याचं कारण सांगताना ते निघतं. तो माणूस व्यसनमुक्तीची पाटी असलेल्या दारातून आत यायला आठ-दहा वर्षं घेईल. तोवर रोज दुसऱ्या कुठल्या तरी दारात तो उभा असतोच.

त्यावरच माझं पुढचं सगळं शिकवणं बेतलं गेलं. एमएच्या मुलांना मी केंद्रात पाठवायच्या आधी जनरल ओपीडीत बसवू लागले. पोटदुखीच्या माणसाला चार साधे प्रश्न विचारायचे, पाच-दहा मिनिटं त्याच्या आकड्यांवर त्याच्याशी बोलायचं, रागवायचं नाही. डॉक्टरांच्या प्रशिक्षणातही मी तेच घेतलं. तुम्ही त्यात एकच भर घातलीत. पुन्हा प्यायलेला माणूस आला की मुलं फाइलमध्ये तारीख आणि 'रिलॅप्स' लिहून मोकळी व्हायची. तुम्ही त्याला आधी विचारायचात, "जेवलास का?" नंतर, काल संध्याकाळी सहा वाजता कुठे होतास, कुणाशी वाजलं होतं का, पैसे हातात होते का. पुस्तकात हेच प्रश्न धोक्याचे प्रसंग या मथळ्याखाली आहेत. मुलांना ते पुस्तकापेक्षा तुमच्याकडून लवकर कळले.

नाशिकमध्ये हा विषय शिकवताना वाइन टाळता येत नाही. वर्गात दिंडोरी-निफाडची मुलं असतात, कुणाच्या काकांचा द्राक्षाचा बाग असतो. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वर्ग अक्षरशः दोन भागांत बसला. मी माझी बाजू मांडली. दीडशे मिलिलिटरच्या वाइनच्या ग्लासात साधारण पंधरा ग्रॅम अल्कोहोल असतं, शरीर द्राक्ष आणि धान्य असा भेद करत नाही, आणि वस्तू जितकी हाताशी तितकं समाजातलं एकूण पिणं वाढतं. किंमत, उपलब्धता, जाहिरात, सार्वजनिक आरोग्यात दारूच्या धोरणाचा भर याच तीन गोष्टींवर असतो. मुलांना तुमचं मत हवं होतं. तुम्ही म्हणालात, बाहेरच्या वादात संगत पडत नाही, तशी परंपरा आहे. फारच गळ घातल्यावर म्हणालात, "आमच्याकडे किराणा बायको आणते." मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण तुमचं काम एका माणसाच्या शेजारी बसण्याचं आणि माझं गावाच्या वेशीपाशी उभं राहण्याचं, ही वाटणी तुम्ही माझ्यापेक्षा आधी ओळखली होती.

आणि मानधन. कॉलेजच्या नियमाप्रमाणे पाहुण्या वक्त्याला पाकीट द्यावं लागतं. तुम्ही कधीच घेतलं नाहीत, रिक्षाचे पैसेसुद्धा. संगत बाहेरची देणगी घेत नाही हे मला माहीत होतं, पण ते आमच्या लेखापालांना समजावताना दरवर्षी माझी दमछाक व्हायची. तुम्ही इतकी वर्षं वर्गात आलात, ते कुठल्याच कागदावर नाही. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात 'एक हितचिंतक' एवढंच आहे. त्या हितचिंतकाने मला विषय दिला, पद्धत दिली आणि विद्यार्थी टिकवून दिले. त्याबद्दल मनापासून आभार.

आता एक गोष्ट, जी आभाराच्या पत्रात बसत नाही. तुमच्या सदऱ्याच्या खिशातली ती पुडी. वर्गात दरवर्षी एक तरी मूल विचारायचं, "तात्या, दारू सुटली, मग तंबाखू?" आणि तुम्ही हसून चुना मळत व्हरांड्यात जायचात. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराचा तंबाखू वापरणारा निघाला होता, तेव्हा तुम्ही एकटे नाही. तुमच्या संगतीचे एक संस्थापक बिल विल्सन दारूपासून छत्तीस वर्षं लांब राहिले आणि १९७१ मध्ये गेले. सिगारेटने त्यांच्या फुफ्फुसांची वाट लावली होती. हे मी तुम्हाला पूर्वीही सांगितलंय, तुम्ही विषय बदलला होतात. या वेळी मी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा नंबर तुमच्या सूनबाईंच्या फोनमध्ये घालून ठेवला आहे. फोन फुकट लागतो. आणि मला आता सकाळी मोकळा वेळ असतो, तेव्हा परवा दहाच्या सुमाराला घरी येते. काकूंना सांगा, चहा मी करीन.

आपली,
मॅडम